न चोरलेला मनी प्लँट

आमच्या घरातला मनी प्लँट चोरलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारतो. खिडकीतून निघालेली वेल शिलाईच्या मशीनवरून दाराच्या चौकटीवर चढलेली आणि तिथून खुंटीला टांगलेल्या जानमाजपर्यंत पोचलेली दिसली की पाहुणा म्हणतो, "छान वाढलाय हो. कुणाच्या घरून चोरला?" मनी प्लँट चोरून आणला तरच घरात पैसा येतो, अशी समजूत आमच्या सोलापुरात हिंदू-मुसलमान दोघांतही आहे. बाकी कशावर एकमत होवो न होवो, यावर आहे.

घरात बोलताना एकट्यालाही 'हम' म्हणायची आमची सवय. मराठीत लिहायला बसलो की तेच 'आम्ही' होऊन कागदावर येतं. शाळेतले मराठीचे सर यावर हसतात. म्हणतात, "एकटे असताना 'आम्ही' कशाला? कुठले राजे लागून गेलात?" पण या गोष्टीत 'आम्ही'च बरोबर आहे. भाईजान, आम्ही आणि छोटी असे आपाच्या हाताखाली वाढलेले तिघेही यात आलो.

अब्बा यंत्रमागावर कामाला होते. 2003 साली ते गेले. भाईजानना कामाचा पत्ता नव्हता, आम्ही पंधरा वर्षांचे, छोटी त्याहून लहान. आपा तेव्हा एकवीस वर्षांची होती. बारावी झालेली, डी.एड.चा फॉर्म आणून ठेवलेला. तो फॉर्म पुढे बरीच वर्षं अम्मींच्या पेटीत होता. सोलापुरात शाळेच्या गणवेशांची शिलाई मोठ्या प्रमाणावर चालते. दुकानदार कापड कापून गठ्ठे बांधून देतो, बायका घरी नेऊन शिवतात, डझनावर मजुरी मिळते. आपाने अम्मींची पायमशीन खिडकीपाशी ओढली आणि हाफ पँटी शिवायला घेतल्या. आम्ही पुढे शाळामास्तर झालो, त्यामुळे गणवेशातली मुलं रोजच समोर असतात. पण अजूनही एखाद्याच्या पँटीची शिवण उसवलेली दिसली की पहिली आठवण आपाची येते, त्या मुलाच्या घरची नंतर.

ज्या शेठकडून गठ्ठे यायचे त्याच्या जिन्यात एक मनी प्लँट होता. 2004 च्या पावसाळ्यात आपाने शेठाणीकडे त्याची एक फांदी मागितली. बाई म्हणाल्या, "अगं, मागू नकोस. मी आत जाते. तू तोड आणि ने. मागून नेलेला लागत नाही."

आपा म्हणाली, "बाई, चोरीची वेल घरात ठेवली तर नमाज कुठं पढू?"

शेठाणी हसल्या आणि स्वतःच कात्री आणून हातभर फांदी कापून दिली. आपाने बदल्यात त्यांच्या दोन साड्यांना फॉल लावून दिले. अशा रीतीने आमचा मनी प्लँट हलाल मार्गाने घरी आला, आणि शेठाणींच्या हिशेबाने तिथेच त्याचा गुण गेला.

घरी अम्मींचा आक्षेप वेगळाच. रिज्क देणारा अल्लाह, झाडाने पैसा येतो म्हणणं हे शिर्क, असलं झाड घरात नको. आपा म्हणाली, "अम्मी, मैं पैसे के वास्ते नई लगारी. हरा दिखताय, इस वास्ते लगारी." पत्र्याच्या दोन खोल्या, समोर बोळ, बोळात गटार. हिरवं म्हणावं असं नजरेच्या टप्प्यात काहीच नव्हतं. अम्मी गप्प बसल्या.

मनी प्लँट लावणं म्हणजे काय, हे आम्ही आपाचं बघून शिकलो. शास्त्र नंतर कळलं. या वेलीला बोटा-बोटावर पेरं असतात आणि प्रत्येक पेरापाशी एक तपकिरी कोंबासारखं टोक असतं. तेच तिचं हवाई मूळ. कापायचं ते पेराच्या खाली, आणि निदान एक पेर पाण्यात बुडालं पाहिजे. पान पाण्यात बुडू द्यायचं नाही, ते कुजतं आणि पाणी नासवतं. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं लोंबायला लागतात. काचेच्या बाटलीला उजेड लागला की आत शेवाळ धरतं, म्हणून आपाने गणवेशाच्या खाकी कापडाच्या तुकड्याचा बाटलीला झगा शिवला होता. त्या झग्याला तिने हौसेने एक बटणही लावलं होतं.

त्या काळात आमच्या भागात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी यायचं. पाणी आलं की घरभर धावपळ. हंडे, घागरी, पिंप, सगळं भरून झालं की शेवटी आपा बाटलीतलं पाणी बदलायची. मधल्या दिवसांत पाणी कमी झालं तर वुजू करताना मोरीत बादली ठेवायची आणि त्यातलं ओंजळभर बाटलीत घालायची. आमच्या मनी प्लँटला कधीही कुणाच्या वाट्याचं पाणी लागलं नाही.

दुसऱ्या वर्षी तो मातीत गेला. पाच लिटरच्या तेलाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून लाल माती, थोडी वाळू आणि शेळीच्या लेंड्यांचं खत भरलं. इथे एक अपघात झाला. छोटीला त्या झाडाचा फार लळा. ती शाळेतून आली की रोज तांब्याभर पाणी घालायची. महिन्याभरात खालची पानं पिवळी पडली, देठ मऊ झाले. छोटीला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून ती दोनदा घालू लागली. आपाने डबा उपडा केला तेव्हा मुळं काळी पडून चिखल झाली होती. मातीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग सडतात. कोरडं पडलेलं झाड मान टाकतं, पण पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत उठून बसतं. सडलेलं उठत नाही. आपाने टोकाकडची दोन निरोगी पेरं कापली आणि पुन्हा बाटलीत लावली. आजची वेल त्या दोन पेरांची. तेव्हापासून घरात कायदा झाला: मातीत बोट घालायचं, दोन पेरं बोट कोरडं लागलं तरच पाणी.

"उसकू कुच नई लगता," आपा सगळ्यांना सांगायची. त्याला काही लागत नाही. शेजारपाजारच्या बायका फांदी मागायला यायच्या, त्यांना फांदीबरोबर हे वाक्यही मिळायचं.

आता लिहिताना आठवतं, हेच वाक्य आम्ही आपाबद्दल बोलायचो. ईदचे कपडे घ्यायला निघालो की भाईजान विचारायचे, कुणाला काय हवंय. छोटीची यादी लांबलचक. आपाला विचारलं की ती म्हणे, मेरेकू है. उरलेल्या कापडातून स्वतःचा कुर्ता शिवायची. भाईजाननी ड्रायव्हिंगचं लायसन्स काढलं, पुण्याला गेले. छोटीचं लग्न गुलबर्ग्याला झालं. आमची बी.एस्सी. झाली, 2012 मध्ये बी.एड. झालं. या सगळ्याला मशीनचा हात होता. आपाचं लग्न मात्र राहून गेलं. 'राहून गेलं' असंच आम्ही म्हणतो, जसं काही ते बाजारातून आणायचं सामान होतं. दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली होती. एकदा छोटीची दहावी होती, एकदा आमचं कॉलेज होतं. मग विचारणा थांबल्या. पाहुण्यांत विषय निघाला की अम्मी म्हणायच्या, आपा खूश आहे, तिला कशाचीच हौस नाही.

2012 मध्येच शेजाऱ्यांनी मजला चढवला आणि आमच्या खिडकीचा उजेड निम्म्यावर आला. मनी प्लँट तरीही जगला. फक्त त्याच्या पानांवरचे पिवळे पट्टे गेले, नवी पानं लहान आणि नुसती गडद हिरवी यायला लागली. पानाच्या पिवळ्या-पांढऱ्या भागात हरितद्रव्य कमी असतं. उजेड तुटपुंजा झाला की वेलीला ती चैन परवडत नाही. आम्ही वर्गात प्रकाशसंश्लेषण, म्हणजे उर्दूत जियाई तालीफ, शिकवताना हे उदाहरण हमखास देतो. त्याच वर्षी आपाला चष्मा लागला. ते उदाहरण आम्ही कधी दिलं नाही.

2013 मध्ये एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. शाळा विनाअनुदानित. विनाअनुदानित म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून विश्वास बसायचा नाही. हजेरीपटावर सही होती, पगारपत्रकावर नव्हती. संस्था कधी दिवाळी-ईदला काही हातावर ठेवायची. बाकी शिकवण्या. निकाह झाला, मुलगी झाली, तरी घर मशीनवरच चाललं. सहकारी घरी आले की वेलीकडे बघून म्हणायचे, "सर, एवढा मनी प्लँट आणि मनी कुठाय?" आम्ही म्हणायचो, "चोरलेला नाही ना!" सगळे हसायचे. मशीनवरून आपाही हसायची, धागा दातात धरून.

या वेलीची एक गंमत आम्हाला 2017 मध्ये रत्नागिरीला कळली. सहलीला मुलं घेऊन गेलो होतो. एका वाडीत माडावर चढलेली एक वेल दिसली. पानं सुपाएवढी, कडेने चिरलेली. आम्ही तिथल्या माणसाला विचारलं, ही कसली वेल? तो म्हणाला, "मनी प्लँट." आम्हाला खरं वाटेना. नंतर वाचलं तेव्हा उलगडलं. ही वनस्पती मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ नावाच्या बेटावरची. मोकळ्यावर, झाडाच्या आधाराने वर चढायला मिळालं की तिची पानं हातभराहूनही मोठी होतात. घरात डब्यात, बाटलीत, खाली लोंबत राहिली की ती जन्मभर आपली लहानपणाची पानंच काढत राहते. आणि फूल? लावलेल्या वेलीला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद 1964 ची आहे. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तिच्या अंगात पुरेसं तयारच होत नाही, असं 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. सगळा संसार फांद्या तोडून तोडूनच जगभर पसरलेला.

सहलीहून आल्यावर आपाला सांगितलं. तिने हातातली पँट खाली ठेवली. "सुपाएवढं?" तिने दोन हात पसरून माप दाखवलं. "इससे बडा?" आम्ही म्हटलं, हौ, बडा. ती खिडकीतल्या तळहाताएवढ्या पानाकडे बघत राहिली. "मेरेकू दिखाना था," एवढं म्हणाली आणि पुन्हा पायडल मारायला लागली. आम्ही म्हटलं, पुढच्या सुटीत जाऊ. ती पुढची सुटी आली नाही.

हे सगळं वाचून कुणी फांदी न्यायला निघाला असेल तर एक सावधगिरी. दिसायला ही पानं विड्याच्या पानासारखी असतात, पण तोंडात घालायची नव्हेत. त्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तोंड चरचरतं, सुजतं. लहान मुलं आणि मांजर घरात असेल तर वेल उंच ठेवावी. एका बकरी ईदला आमच्या बकऱ्याने दावं सोडवून घेऊन एक पान ओढलं. सोलापुरी बकरा, कागदसुद्धा सोडत नाही. पण ते पान त्याने लगेच टाकून दिलं आणि बराच वेळ डोकं झटकत, लाळ गाळत उभा राहिला. घरात घबराट. कुर्बानीचा जनावर आजारी पडला तर? आपाने त्याला गुळाचं पाणी पाजलं. गुळाने बरा झाला की आपल्या आपण, अल्लाह जाणे.

2018 मध्ये नववीच्या मुलांकडून आम्ही एक प्रयोग करून घेतला. निम्म्या मुलांनी पेरासकट तुकडा पाण्यात ठेवायचा, निम्म्यांनी पेराशिवाय नुसतं देठासकट पान. फांद्या अर्थात आमच्या घरच्या. पेराच्या तुकड्यांना मुळं आली, कोंब आले. नुसती पानं मात्र हिरवीच्या हिरवी बसून राहिली. एक-दोघांना बारीक मुळंसुद्धा फुटली, पण कोंब नाही. नवा कोंब फुटायचा डोळा पेरात असतो, पानात नसतो. त्यातलं एक पान आम्ही घरी आणून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. तीन महिन्यांनी ते फेकून दिलं. संध्याकाळी बघतो तर पुन्हा बाटलीत. आपाने कचऱ्यातून काढून धुऊन ठेवलं होतं. आम्ही समजावलं, "आपा, याला पुढे काही होणार नाही."

"मालूम है. जीरा है ना? रहने दे."

आता खरी गोष्ट. त्याच सुमारास आपाला दम लागायला लागला होता. पाण्याचा हंडा उचलला की थांबायची. तिखट-मीठ सोडून माती खावीशी वाटते म्हणायची, खिडकीतल्या डब्यातली माती नखाने खरवडून जिभेवर ठेवायची. आम्ही हसायचो. दम लागतो तो कापडाच्या पुसाने, असं आमचं निदान. दिवसभर मशीन, हवेत कापसाची धूळ, दुसरं काय असणार? स्टाफरूममध्ये एका मॅडमनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं. 1989 मध्ये अमेरिकेच्या नासाने बंद पेटीत झाडं ठेवून तपासणी केली आणि मनी प्लँट हवेतली विषारी द्रव्यं शोषतो असं आढळलं. आम्ही विज्ञानाचे शिक्षक. आम्ही त्या रविवारी आणखी चार बाटल्या भरल्या आणि आपाच्या मशीनभोवती मांडल्या. हवा साफ होईल म्हणालो. आपा म्हणाली, "अच्छा दिखताय."

नासाची पेटी लहान होती आणि बंद होती. आमच्या खोलीला दार आहे, खिडकी आहे, पत्र्याला फटी आहेत. नोव्हेंबर 2019 मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडलेला एक लेख प्रसिद्ध झाला. घरातली हवा झाडांनी खरोखर साफ व्हायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला 10 पासून 1000 पर्यंत झाडं लागतील, असं त्यात म्हटलं होतं. पण ते आम्ही वाचलं तोवर उशीर झाला होता.

2019 चा रमजान 7 मेला सुरू झाला. सोलापूरचा मे, वर पत्रा. शाळा उघडायच्या आधीचे हेच दिवस गणवेशाच्या कामाचे. गठ्ठ्यांवर गठ्ठे. आपा सेहरीनंतर मशीनवर बसायची ती जोहरला उठायची. त्या दिवसांत मनी प्लँटची कड जळायला लागली. पानांची टोकं तपकिरी, वेल मलूल. पश्चिमेच्या पत्र्याची झळ सरळ तिच्यावर येत होती. छोटी गुलबर्ग्याहून आली होती, भाईजान सुटीवर होते. तिघांनी मिळून चर्चा केली. वेल अलगद सोडवली, डबा आतल्या भिंतीला घेतला, पानं ओल्या फडक्याने पुसली, जळालेली टोकं कात्रीने काढली. अर्धा तास गेला असेल. आपा दोन हातांवर होती, मशीनवर. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. छोटी म्हणाली, "आपा, तू पण काळवंडली की." काळवंडली नव्हती, फिकी पडली होती. आपा म्हणाली, "धूप लगी होगी." आणि तो विषय तिथे संपला. पानाचं टोक जळालेलं तिघांनाही दिसलं होतं.

सतराव्या रोजाला सेहरीच्या वेळी सालन गरम करताना आपा चुलीपुढे कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरी. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 5.2. बाईमाणसाला 12 तरी असावं, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. माती खावीशी वाटणं हेसुद्धा रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं, तेही पुस्तकात वाचलेलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. दोन वर्षांपासून तिला अंगावरून जास्त जात होतं. बायकांचं हे दुखणं आमच्या घरांतून नाव घेऊन बोललं जात नाही. अम्मींना थोडी कल्पना होती. त्यांनी 'उमर का है' म्हणून सोडून दिलं होतं. आमच्या बायकोने एकदा रात्री सांगितलं होतं की आपा फार थकतात, जरा बघा. आम्ही पुसाचं कारण दिलं होतं आणि बाटल्या भरल्या होत्या. आपा त्या महिन्यात रोजे धरत होती, कारण न धरावे तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात शिकलेलं कुणी नाही का?"

आमच्या खिशाला पेन होतं. आम्ही खाली बघितलं. भाईजानही खाली बघत होते.

तीन बाटल्या रक्त चढवलं. एक आमचं, एक भाईजानचं, तिसरं मराठीच्या त्याच सरांचं. ईदनंतर ऑपरेशन झालं, गर्भाशय काढावं लागलं. भिशी उचलली, छोटीने कानातले मोडले, शेठाणींनी न मागता पाच हजार पाठवले. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आपाने एकच विचारलं, मशीनवरचा गठ्ठा पोचवला का.

घरी आणलं तेव्हा तिची खाट वेलीखाली टाकली. महिनाभर मशीन बंद. घर इतकं शांत आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आता आम्हाला काळजीचं भूत लागलं. आपाला सूप, आपाला बीट, आपाला खजूर. झाडाचीही काळजी घ्यावी म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी. बोट घालून बघायचा कायदा विसरलोच. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडायला लागली. एके दुपारी तांब्या घेऊन डब्याकडे निघालो तर खाटेवरून आवाज आला.

"ए. उसकू छोड. मेरेकू पानी दे. ठंडा."

आपाने आपल्यासाठी काही मागितल्याचं आम्हाला तरी ते पहिलं आठवतं. तांब्या हातातच होता, पण पाणी कोमट होतं. बोळ ओलांडून शेजाऱ्यांच्या फ्रिजमधून बाटली आणली.

त्यानंतर तिला मागायची सवय लागली असं म्हणता येणार नाही. पण हळूहळू आवाज यायला लागला. चहात आलं नाही. पंखा माझ्याकडे वळव. ईदला मला तयार ड्रेस हवा, शिवणार नाही. आमच्या बायकोला सुरुवातीला हे जड गेलं, घरात कधी नव्हतं ते ऐकावं लागत होतं. दोघींची एकदा चांगली वाजली. रात्री बायको म्हणाली, "आपा झगडती है अब." आम्ही म्हटलं, झगडू दे.

पुढे लॉकडाऊन आला, गठ्ठे बंद झाले. शाळेला 20 टक्के अनुदान लागू झालं, म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा तरी पगारपत्रकावर चढला. पहिला पगार आपाच्या हातावर ठेवला तेव्हा ती वेलीकडे बघून म्हणाली, "वीस साल में वीस टक्का. चोरी का होता तो पूरा आता." वीस वर्षं झाली नव्हती, पण हिशेबाचा सूर बरोबर होता. आता आपा घरी मशीन कमी चालवते. गल्लीतल्या पोरींना शिवण शिकवते आणि त्याची फी घेते. फी घ्यायची की नाही यावर अम्मींचं आणि तिचं भांडण झालं. आपा जिंकली. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला तिला घेऊन जायचं काम आमच्याकडे आहे. तारीख विसरलो की तीच आठवण करून देते, आणि मऊ आवाजात नाही.

गेल्या महिन्यात तिने रत्नागिरीच्या पानाचा विषय पुन्हा काढला. सुपाएवढं पान तिला आपल्या घरात बघायचंय. आम्ही सांगितलं की सोलापूरच्या कोरड्या हवेत, या उजेडात तेवढं होणं कठीण. आधार दिला, चढायला मिळालं, आधार ओला ठेवला तर पानं आहेत त्यापेक्षा मोठी होतील, एवढं नक्की. नर्सरीत काथ्या गुंडाळलेली काठी मिळते, वेलीची हवाई मुळं तिला धरून वर जातात. आपा म्हणाली, मग आण. पाच फुटी.

रविवारी गेलो. पाच फुटी नव्हती, तीन फुटी घेऊन आलो. आपाने काठी डब्याशेजारी उभी धरली, वेलीचं टोक तिला लावून पाहिलं, मग पत्र्याकडे बघितलं.

"तीन फूट में किधर जाती वो? वापस कर के आ."

ऊन कडक होतं, शिवाय दुकानदाराने बिल दिलं नव्हतं. चप्पल पुन्हा पायात घातली आणि निघालो.